गाइडबुकाचं वय

‘इथे पुस्तकांवर डिस्काउंट कुठे मिळतो?’ जर्मनीत शिकायला आलेली मराठी मुलं पहिल्या सेमिस्टरची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न हमखास विचारतात. प्राग, व्हिएन्ना नाहीतर क्रोएशियाचा बेत ठरलेला असतो. दुकानात जाऊन गाइडबुक उचललं, तर मागे पंचवीस युरोच्या आसपासचा आकडा छापलेला दिसतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेल्या पैशांतून २०२४ च्या सप्टेंबरपासूनच्या नियमाप्रमाणे महिन्याला ९९२ युरो हाती येतात. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्यविमा आणि किराणा भागवायचा असतो. अशा वेळी एका पुस्तकाला पंचवीस युरो घालताना हात मागे येतो, आणि तो यायलाच हवा.

मग मुलगा दुसऱ्या दुकानात जातो. तिथेही तीच किंमत. घरी येऊन ऑनलाइन बघतो. तिथेही तीच, अगदी सेंटपर्यंत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरून भाव काढायची सवय असलेल्याला हे विचित्र वाटतं. जर्मनीत गाइडबुक स्वस्तात मिळतं, पण ते घासाघीस करून मिळत नाही. ते कसं मिळतं हे समजण्यासाठी आधी किमतीमागचा कायदा बघू.

१. किंमत सगळीकडे सारखीच का?

आपल्याकडे पुस्तकावर छापलेली किंमत ही वरची मर्यादा असते. दुकानदार त्याहून जास्त घेत नाही, कमी मात्र खुशाल घेऊ शकतो. जर्मनीत छापील किंमत ही वरची आणि खालची अशी दोन्ही मर्यादा आहे. प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच नवं पुस्तक ग्राहकाला विकायचं, असा कायदा आहे. त्याचं नाव ‘बुखप्राइसबिंडुंग’, म्हणजे पुस्तकाच्या किमतीचं बंधन. सध्याचा कायदा ऑक्टोबर २००२ पासून लागू आहे. पण ही रीत जुनी आहे. १८८७-८८ मध्ये जर्मन पुस्तकव्यवसायाच्या संघटनेने ती आपल्या सभासदांना लावून घेतली होती.

यामागचा विचार असा, की मोठ्या दुकानांनी खपाऊ पुस्तकं किंमत पाडून विकली तर गल्लीतली लहान दुकानं बंद पडतील, आणि त्यांच्याबरोबर कमी खपाची पण मोलाची पुस्तकंही दिसेनाशी होतील. मला हा विचार पटतो. त्याचा फायदा विद्यार्थ्यालाही होतो. कोपऱ्यावरच्या दुकानात सांगून ठेवलेलं पुस्तक बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी येतं आणि त्याला ऑनलाइनइतकीच किंमत पडते. पण तुमचं पंचवीस युरोंचं कोडं त्याने सुटत नाही. ते सोडवायला हे बंधन कुठे संपतं ते पाहावं लागेल.

२. बंधन कुठे संपतं?

पहिली गोष्ट: कायदा फक्त नव्या पुस्तकाला लागू आहे. एकदा कुणीतरी विकत घेतलेलं पुस्तक पुढे कितीलाही विकता येतं.

दुसरी गोष्ट: परदेशी भाषेतलं पुस्तक मुख्यतः जर्मनीत विकण्यासाठीच काढलेलं नसेल, तर ते बंधनातून सुटतं. म्हणून लोनली प्लॅनेट किंवा रफ गाइडची इंग्रजी आवृत्ती वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळ्या किमतीला मिळू शकते. भाव काढत फिरण्यात अर्थ असेल तर तो इथेच.

तिसरी गोष्ट: खराब झालेली प्रत. कोपरा दुमडलेला, कव्हरवर ओरखडा, वाहतुकीत मार बसलेला अशा प्रतींच्या पानांच्या कडेवर ‘मेंगलएक्झेम्प्लार’ असा शिक्का मारतात आणि त्या स्वस्तात विकतात. कायद्याने प्रत खरोखर खराब असावी लागते, नुसता शिक्का मारून भागत नाही. तरी बहुतेक दोष इतके किरकोळ असतात की आठवडाभर पाठीवरच्या सॅकमध्ये राहिल्यावर तुमची नवी कोरी प्रतही तशीच दिसेल. पुस्तकांच्या दुकानाबाहेर, रेल्वे स्टेशनांवर किंवा सुपरमार्केटच्या दाराशी अशा पुस्तकांच्या पेट्या दिसतात. त्यांत गाइडबुकं बरीच असतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आवृत्ती बाजारात येऊन अठरा महिने झाले की प्रकाशक तिच्यावरचं बंधन उठवू शकतो. गाइडबुकाची नवी आवृत्ती साधारण दोन-तीन वर्षांनी येते. ती आली की जुनीच्या उरलेल्या प्रती गोदामात ठेवून प्रकाशकाला काही मिळत नाही. मग त्या उतरत्या किमतीला बाहेर पडतात, आणि ज्यांनी आधी घेतल्या होत्या तेही आपापल्या प्रती विकायला काढतात.

म्हणजे जर्मनीत गाइडबुकाची सवलत त्याच्या वयातून येते. एक आवृत्ती मागे राहायची तयारी असेल तर किंमत निम्म्याखाली येते, दोन आवृत्त्या मागे जायची असेल तर कधी कधी कॉफीच्या पैशांत काम होतं. आता प्रश्न उरतो तो एवढाच, की जुनं पुस्तक कामाचं असतं का?

३. पुस्तकातलं काय शिळं होतं?

गाइडबुक म्हणजे एकाच पिशवीत आणलेली कोथिंबीर आणि तांदूळ. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी मान टाकते. तांदूळ वर्षभर टिकतो, उलट जुना झाला की भात जास्त मोकळा होतो. पिशवी जुनी झाली म्हणून सगळीच फेकायची नसते, फक्त आतलं काय काय आहे ते माहीत हवं.

बर्लिनचं उदाहरण घेऊ. तुमच्या हाती २०१८ साली निघालेलं बर्लिनचं गाइडबुक आलं. त्यात विमानतळाच्या पानावर टेगेल असेल. टेगेल नोव्हेंबर २०२० मध्ये कायमचा बंद झाला. त्याच्या आठवडाभर आधी शहराच्या दक्षिणेला नवा विमानतळ सुरू झाला होता. मेट्रोच्या नकाशात पाच नंबरची लाइन अलेक्झांडरप्लात्झला संपलेली दिसेल; २०२० च्या डिसेंबरपासून ती मुख्य रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. पेर्गामोन म्युझियमला अर्धा दिवस द्या, असा सल्ला असेल. ते दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण बंद झालं आणि हे काम अनेक वर्षांचं आहे. शहराच्या मधोमध राजवाड्याच्या जागी उभं राहिलेलं हुम्बोल्ट फोरम त्या पुस्तकात बांधकाम म्हणूनच असेल. आणि ‘शनिवार-रविवारी स्वस्त फिरा’ म्हणून जे वीकएंड तिकीट सुचवलेलं असेल, ते रेल्वेने २०१९ च्या जूनमध्येच बंद केलं. त्यानंतर मे २०२३ मध्ये डॉइचलांड तिकीट आलं आणि स्वस्त प्रवासाचं सगळं गणितच बदललं.

एवढी यादी वाचून पुस्तक टाकून द्यावंसं वाटेल. पण आता त्यातलंच दुसरं टोक बघा. ब्रांडेनबुर्ग गेटपासून निघून उंटर डेन लिंडेन रस्त्याने म्युझियम बेटापर्यंतची पायी फेरी, वाटेत डावी-उजवीकडे काय लागतं, कोणती इमारत युद्धात पडली आणि कोणती पुन्हा बांधली, यातलं फारसं काही बदललेलं नाही. बेटावरची पाच म्युझियमं १८३० ते १९३० या शंभर वर्षांत कशी उभी राहिली, ती माहिती तशीच आहे. बेर्नाउअर रस्त्यावर बर्लिनच्या भिंतीचा शिल्लक भाग कसा बघावा, शेजारच्या पॉट्सडाममधल्या सांसूसी बागेत कुठून शिरावं म्हणजे चढ कमी लागेल, कोणता मोहल्ला पूर्वेकडचा होता आणि तो आजही कशावरून ओळखू येतो, हे सगळं २०१८ मध्ये खरं होतं तसं आजही खरं आहे. आणि मोबाइलवर तुकड्यातुकड्याने शोधून जे हाती लागत नाही, ते नेमकं हेच आहे. वेळापत्रक मोबाइल देतो. कुठल्या क्रमाने काय बघावं आणि का, हे एका माणसाने सलग विचार करून लिहिलेलं पुस्तक देतं.

म्हणून जुन्या पुस्तकातली हॉटेलं, खानावळी, तिकिटं, वेळा ही पानं सरळ सोडून द्यायची. गाड्यांसाठी रेल्वेचं अॅप आणि उघडण्याच्या वेळांसाठी त्या म्युझियमची स्वतःची साइट बघायची. बाकीचं पुस्तक विश्वासाने वापरायचं.

किमतींची पानंही अगदी वाया जात नाहीत. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो स्वीकारला. त्याआधीच्या पुस्तकात भाव कुनामध्ये आहेत. बदलाचा ठरलेला दर एका युरोला ७.५३४५ कुना असा होता. म्हणजे पुस्तकात ७५ कुनाचं जेवण लिहिलं असेल तर ते त्या वेळचे सुमारे दहा युरो. आज तेवढ्यात जेवण मिळेल असं धरू नका, महागाई बरीच झाली आहे. पण स्प्लिटपेक्षा दुब्रोव्हनिक किती महाग आहे हे प्रमाण त्या जुन्या आकड्यांतून कळतं, आणि किती रात्री कुठे काढायच्या हे ठरवायला ते प्रमाण पुरतं.

जुन्या पुस्तकाची हद्द मात्र ओळखायला हवी. रोम, प्राग, व्हिएन्नासारख्या जुन्या शहरांचं आठ-दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक मी बेधडक सुचवेन. अल्बानियासारख्या झपाट्याने बदलत असलेल्या देशाचं चार वर्षांपूर्वीचंही सुचवणार नाही. आणि आल्प्समधल्या पायवाटांसाठी पैसे वाचवूच नयेत. दरड कोसळून वाट वळवलेली असते, मुक्कामाची झोपडी बंद झालेली असते; तिथे चूक झाली तर ती पैशांत मोजता येत नाही. त्यासाठी ताजं पुस्तक विकत न घेता वाचायची सोय आहे, ती पुढे सांगतो.

एक उलट गोष्टही लक्षात ठेवा. पुस्तक फार जुनं झालं की ते पुन्हा महाग होतं. कार्ल बेडेकर याने १८२७ मध्ये कोब्लेन्झला पुस्तकांचं दुकान काढलं आणि ऱ्हाइन नदीच्या प्रवासाचं एक पुस्तक विकत घेऊन, सुधारून नव्याने काढलं. प्रवाशाला भाड्याच्या वाटाड्यावर अवलंबून राहावं लागू नये, हा त्याचा हेतू होता. त्यातून लाल बांधणीची, पाहण्याजोग्या जागांना तारे देणारी गाइडबुकं घडली. या घराण्याने १९१४ मध्ये हिंदुस्थानवरही एक जर्मन पुस्तक काढलं होतं. ही पुस्तकं आज संग्राहक शोधत असतात आणि त्यांना तशी किंमत देतात. वाचायचीच असतील तर जुन्या बेडेकरांपैकी कित्येक इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहेत.

४. वय ओळखायचं कसं?

कव्हरवर ‘नवीन’ लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. पहिल्या किंवा शेवटच्या पानांत प्रकाशनाचा तपशील असतो, त्याला जर्मनमध्ये ‘इम्प्रेसुम’ म्हणतात. तिथे ‘आउफलागे’ या शब्दाआधी आवृत्तीचा आकडा आणि जवळच साल असतं. शेजारी ‘आक्टुआलिझिअर्ट’ असेल तर मजकूर सुधारलेला आहे. ‘उनफेरएंडर्टर नाखद्रुक’ असेल तर जुनाच मजकूर पुन्हा छापला आहे. साल नवं दिसलं तरी माहिती पहिल्या सालाची. शिवाय लेखक फिरतो, लिहितो, मग छपाई होते, यात वर्षभर सहज जातं. २०२१ चं पुस्तक असेल तर माहिती २०२० ची धरावी, आणि ते साल प्रवासासाठी कसं होतं हे सांगायला नको.

ऑनलाइन घेताना पान उलटून बघता येत नाही. तिथे आयएसबीएन हा क्रमांक कामी येतो. जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी झाला. फक्त दहाच आकडे छापलेले दिसले तर पुस्तक त्याआधीचं आहे असं समजावं. तेरा आकड्यांत ९७८ नंतर ३ असेल तर पुस्तक जर्मन भाषेच्या प्रदेशातलं, ० किंवा १ असेल तर इंग्रजीच्या. लोनली प्लॅनेट दोन्ही भाषांत निघतं आणि कव्हर सारखंच दिसतं, त्यामुळे हा एक आकडा बघून मागवलं तर चुकीच्या भाषेतलं पुस्तक घरी येत नाही. नव्या आवृत्तीला नवा क्रमांक असतो. विकणाऱ्याने फोटो जुन्या आवृत्तीचा लावला असला तरी क्रमांक खरं सांगतो.

भाषेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बी-वन पातळीची जर्मन येत असेल तर जर्मन पुस्तकच घ्या. जुन्या बाजारात ती भरपूर असतात म्हणून स्वस्त असतात, आणि एर्लांगेनच्या मिषाएल म्युलर प्रकाशनासारखी काही घरं एकेका प्रदेशावर अतिशय बारकाईने लिहून घेतात. वाक्यं छोटी असतात, शब्द तेच तेच येतात. वीस पानांनंतर शब्दकोश लागत नाही.

५. वाचनालय

खरं तर सगळ्यांत स्वस्त पुस्तक शहराच्या वाचनालयात आहे. विद्यापीठाच्या नव्हे, शहराच्या; विद्यापीठाच्या वाचनालयात गाइडबुकं फारशी ठेवत नाहीत. पासपोर्ट आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागद घेऊन गेलात की कार्ड मिळतं. बऱ्याच शहरांत विद्यार्थ्यांना फी कमी असते, कुठे कुठे काहीच नसते. पुस्तक साधारण चार आठवडे मिळतं, आणि दुसऱ्या कुणी मागितलं नसेल तर मुदत वाढते.

अडचण एकच, की सुट्टी सगळ्यांना एकदमच लागते. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत आणि ईस्टरला प्रवासाची कपाटं रिकामी दिसतात. पण विद्यापीठाची सुट्टी शाळांच्या सुट्टीशी पूर्ण जुळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तास नसतात, आणि उन्हाळ्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतही नसतात. मार्चचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरचा शेवट या काळात बहुतेक ठिकाणी शाळा चालू असतात. तेव्हा प्रवास केलात तर ताजी आवृत्तीसुद्धा कपाटात सापडते.

त्याच कार्डावर ‘ऑनलाइए’ ही इ-पुस्तकांची सेवाही मिळते. २००७ पासून ती चालू आहे. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळे प्रवासात असताना दंडाची काळजी नाही.

आता डोंगरांचं. जर्मन आल्पाइन संघ १८६९ मध्ये म्युनिकला स्थापन झाला आणि गावोगावी त्याच्या शाखा आहेत. अनेक शाखांची स्वतःची वाचनालयं आहेत. सभासदांना पायवाटांची पुस्तकं आणि नकाशे तिथून नेता येतात. तरुणांना वर्गणी कमी असते. दोन-तीन डोंगरी सहली ठरल्या असतील तर पुस्तकं विकत घेण्यापेक्षा सभासद होणं परवडतं.

६. कपाटं, पेट्या आणि वसतिगृहाचा बोर्ड

जर्मन गावांत चौकात किंवा बागेच्या कडेला काचेच्या दाराचं एक कपाट दिसतं, कधी जुना टेलिफोन बूथही असतो. त्यातलं पुस्तक कुणीही न्यावं, कुणीही ठेवावं. नाव ‘ब्यूशरश्रांक’. कल्पना क्लेग आणि गुटमान या कलावंत जोडीची, पहिला प्रयोग १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाला. पुस्तक ठेवल्याशिवाय नेऊ नये असा नियम नाही, तेव्हा संकोच करू नका. इथे हवं तेच मिळेल याची खात्री नसते, पण जायच्या-यायच्या वाटेवरचं कपाट रोज बघावं. ऑक्सफॅमची पुस्तकांची दुकानं, ‘फ्लोमार्क्ट’ म्हणजे रविवारचे जुन्या वस्तूंचे बाजार, बर्लिनला हुम्बोल्ट विद्यापीठाच्या दारातले जुन्या पुस्तकांचे स्टॉल हीसुद्धा चांगली ठिकाणं आहेत.

यापेक्षाही भरवशाची जागा म्हणजे वसतिगृह. इरास्मुसवर आलेली मुलं फेब्रुवारीत आणि जुलैत परत जातात. त्यांनी सहा महिन्यांत अर्धा युरोप पालथा घातलेला असतो आणि विमानाच्या सामानात जड पुस्तकांना जागा नसते. त्या आठवड्यांत बोर्डवर चिठ्ठी लावली की पुस्तकं चालत येतात.

७. फुकट, आणि फुकटासारखं दिसणारं

विकिव्हॉयेज हे प्रवाशांनी मिळून लिहिलेलं मोफत गाइडबुक आहे. २००६ मध्ये जर्मन स्वयंसेवकांनीच ते सुरू केलं आणि २०१३ पासून ते विकिपीडियाच्या संस्थेकडे आहे. पानं डाउनलोड करून, छापून नेता येतात. मोठ्या शहरांची पानं उत्तम आहेत, लहान गावांची कधी कधी चार ओळींची.

मुलांच्या ग्रुपवर कुणीतरी गाइडबुकाची अख्खी पीडीएफ टाकतं किंवा टॉरेंटचा पत्ता देतं. त्याच्या वाटेला जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. टॉरेंटवर उतरवताना तीच फाइल तुमच्याकडून इतरांना पाठवलीही जाते. जर्मनीत हक्कधारकांचे वकील इंटरनेट कनेक्शनवरून पत्ता मिळवतात आणि शेकडो युरो मागणारी नोटीस धाडतात. तिला ‘आबमानुंग’ म्हणतात. कनेक्शन घरमालकाच्या किंवा खोलीतल्या सोबत्याच्या नावावर असेल तर नोटीस त्याच्या दारात जाते. पंचवीस युरो वाचवायला गेलेल्या माणसावर ही पाळी येऊ नये. वाचनालयातल्या पुस्तकाची हवी ती थोडी पानं स्वतःसाठी स्कॅन करायला मात्र कायद्याची परवानगी आहे. अख्खं पुस्तक नाही, पण चार दिवसांच्या सहलीला पंधरा पानं पुरतात.

८. परत आल्यावर

समजा, एक आवृत्ती मागचं पुस्तक नऊ युरोंना घेतलं, टपालाचे दोन गेले आणि प्रवासानंतर ते सहाला विकलं. म्हणजे खर्च पाच युरो. नवी प्रत पंचवीसला घेऊन वर्षभराने बाराला विकली तर खर्च तेरा. दोन्ही रकमा पंचवीसपेक्षा पुष्कळ कमी आहेत, पण त्यासाठी पुस्तक विकायला हवं, आणि लवकर विकायला हवं. प्रकाशकाच्या साइटवर पुढची आवृत्ती जाहीर झाली की तुमच्या प्रतीचा भाव पडतो. बारकोड स्कॅन करून पुस्तकं घेणाऱ्या कंपन्या बहुधा सेंटांत भाव देतात. क्लाइनआनत्साइगन या ऑनलाइन जाहिरातींच्या साइटवर किंवा वसतिगृहात थेट विकलं तर जास्त मिळतं. टपालाने पाठवायचं असेल तर पुस्तकांसाठीचा स्वस्त दर मागा. तो दर मागितला की पोहोचायला काही दिवस जास्त लागतात, हे घेणाऱ्याला आधी सांगा. आणि विकण्याआधी, प्रवासात जे बदललेलं दिसलं ते त्या त्या पानावर पेन्सिलीने, महिना आणि साल घालून लिहा: हे बंद आहे, इथे आता आगाऊ तिकीट लागतं, ही बस दुसरीकडून सुटते. जाहिरातीत या नोंदींचा उल्लेख करा आणि अशा एखाद्या पानाचा फोटो जोडा.